रिकाम्या काट्यावरचा आकडा

त्या साली काढणीच्या तोंडावर पाऊस झाला आणि बाजारात सगळं धान्य ओलं आलं. ओलं पोतं जड भरतं. आठ दिवसांनी तेच पोतं व्यापाऱ्याच्या गोदामात वाळलं की दीड-दोन किलो कमी भरतं, आणि मग बोंब कुणाच्या नावाने? मापाड्याच्या. मापाडी म्हणजे माझे सासरे, आमचे मामंजी. तेहेतीस वर्षं ते एकाच ओट्यावर, एकाच काट्यापाशी उभे होते, आणि त्या साली पहिल्यांदा लोक वाकून काट्याचं बूड बघायला लागले. खाली दगडबिगड अडकवलाय का म्हणून.

मी त्याच ओट्याच्या टोकाला बसून पोती शिवते. दाभण, सुतळी आणि पाठीला टेकायला एक खांब, एवढाच माझा कारखाना. ओल्या तागातून दाभण सरकत नाही. तळहाताने रेटावं लागतं, आणि संध्याकाळी मूठ मिटत नाही. नवरा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. घरात मी आणि मामंजी, दोघंच.

मला सगळा बाजार संशयी बाई म्हणतो. म्हणू दे. भाजी घेतली की मी पिशवी आमच्या काट्यावर परत तोलते. दुकानदाराने सुट्टे दिले की त्याच्या तोंडासमोर मोजते. मामंजी हसायचे. म्हणायचे, "सूनबाई, तू देवाकडेसुद्धा पावती मागशील."

त्यांचं उलटं. त्यांच्या पोटात काही राहायचंच नाही, आकडा तर नाहीच. आमच्या बाजारात वजन तीनदा ओरडतात. एकदा माल आणणाऱ्यासाठी, एकदा घेणाऱ्यासाठी, एकदा लिहिणाऱ्यासाठी. मामंजींची हाक फाटकापर्यंत जायची. आकडा हळू बोलला की समजायचं काहीतरी पाणी मुरतंय, असं त्यांचं ठाम मत. घरीही तीच तऱ्हा. गोळी किती वाजता घ्यायची विचारलं की "आठ! आठ! आठ!" शेजारीण भिंतीपलीकडून म्हणायची, "घेतली हो, मी पण घेतली!"

ओट्यावर अकरा हमाल. व्यापाऱ्यांनी रोख मजुरी बंद केली आणि सगळ्या टोळीचे पैसे एकाच खात्यात टाकू म्हणाले, तेव्हा अकरा जणांनी एका तोंडाने सांगितलं, मापाडीमामाच्या खात्यात टाका. त्यांच्यातलाच एक, त्यांचा मुकादम, सगळ्यात मोठ्याने बोलला होता. मग मी मामंजींच्या फोनवर बँक घालून दिली आणि दर शनिवारी ते ज्याचं त्याला पाठवायचे. त्या साली ओल्या मालाच्या भांडणात मजुरी अडकली, आणि एका मंगळवारी चार आठवड्यांची एकदम जमा झाली. अकरा घरांचा महिना आमच्या खात्यात. मामंजींना जेवण गेलं नाही.

"यात काही इकडचं तिकडे झालं तर मला काट्यावर कोण उभं करील गं?" ते म्हणाले.

खरंच होतं ते. मापाड्याजवळ असतं काय? लोक म्हणतात म्हणून तो मापाडी. ते म्हणायचे थांबले की दुसरा उभा राहतो.

बुधवारी सकाळी फोन वाजला. मेसेज. मामंजींनी चष्मा पुसून मोठ्याने वाचला. प्रिय ग्राहक, सुरक्षेच्या कारणास्तव आपले खाते आज बंद होत आहे, ताबडतोब खालील ठिकाणी दाबून माहिती भरावी.

"आणा इकडे," मी म्हटलं. "हे बघा, बँकेचा मेसेज बँकेच्या नावाने येतो. हा कुणाच्या तरी साध्या मोबाइलवरून आलाय. आणि प्रिय ग्राहक कोण? बँकेला तुमचं नाव माहीत नाही? तेहेतीस वर्षं खातं आहे तुमचं."

"पण आज बंद होतंय म्हणतात."

"घाई करतोय म्हणजे लबाड आहे. बाजारात घाई कोण करतं? ज्याचं पोतं तळातून ओलं असतं तो."

ते हसले. मला वाटलं, पटलं. मी घागर घेऊन पाण्याला गेले.

पटलं नव्हतं. ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी नळाच्या रांगेत होते तेवढ्यात त्यांनी दाबायचं तिथे दाबलं होतं. बँकेसारखंच पान उघडलं, तेच चिन्ह, तोच रंग. त्यांनी कार्ड समोर ठेवून एकेक आकडा बोटाने लावून भरला, मागचे तीन आकडेसुद्धा. मग देवासमोर बसावं तसे शांत बसले. अकरा घरांचं खातं बंद पडता कामा नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. आणि मला सांगितलं नाही, कारण मी ओरडले असते. ओरडलेच असते.

गुरुवारी दुपारी उन्हं जरा कडक झाली म्हणून व्यापाऱ्यांनी माल पसरायला लावला होता. काटा रिकामा, हमाल पोत्यांच्या थप्पीच्या सावलीत आडवे झालेले. मामंजी दिसत नव्हते. मी शेवटचं पोतं शिवत होते आणि एकदम थप्पीमागून हाक आली.

"बेचाळीस! शून्य सात! एकोणनव्वद!"

माझा हात थांबला. काट्यावर पोतं नाही. आणि हे वजन कशाचं? एवढ्या वजनाला हत्तीसुद्धा पुरला नसता. हमालांतला एक झोपेतच म्हणाला, "लिही रे, लिही."

मग मला उमगलं. दाभण पोत्यातच सोडून मी धावले. थप्पीमागे मामंजी भिंतीकडे तोंड करून उभे होते, फोन कानाला, दुसरा हात तोंडावर आडवा धरलेला. गुपित बोलतोय असं त्यांना वाटत होतं. बिचाऱ्यांना आकडा हळू बोलताच येत नव्हता.

"कुणाला सांगताय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरले. ती नजर मी अजून विसरले नाही. आत शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फोन त्यांनी छातीशी धरला.

"तू जा. तुझ्या कामाचं नाही हे."

तेवढ्यात फोन थरथरला. दुसरा आकडा आला. फोनमधला माणूस गोड आवाजात म्हणत होता, "सर, फोन ठेवू नका. आता आलेला नंबर सांगा, म्हणजे चोरी थांबेल. शेजारी कुणी आहे का तुमच्या?"

मी फोन हिसकावला. सासऱ्याच्या हातातून सुनेने फोन हिसकावला, अकरा हमालांसमोर. ते सगळे उठून बसले होते. मी फोन बंद केला आणि मेसेज वाचला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, हा क्रमांक कुणालाही सांगू नका. त्याच्या वरचा मेसेज: खात्यातून रक्कम वजा. दोन हमालांची महिन्याची मजुरी गेली होती. दुसरा आकडा गेला असता तर उरलेलं सगळं गेलं असतं.

"तो बँकेच्या सुरक्षा खात्याचा साहेब आहे," मामंजी म्हणाले. "माझ्या कार्डाचा नंबर त्याला तोंडपाठ आहे. लबाडाला कसा कळेल?"

"तुम्हीच भरलात ना काल?"

मी त्यांच्या खिशातून कार्ड काढून घेतलं. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर फोन लावला. मामंजी म्हणाले, तोही खोटा असला तर? आता सुचत होतं त्यांना! एक दाबा, तीन दाबा, करता करता माणूस आला आणि त्याने खातं गोठवलं. मग आम्ही पायीच बँकेत गेलो. सबंध रस्ता मामंजी माझ्या चार पावलं मागे चालत होते.

खिडकीतल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. तक्रार लिहिली, पोलिसांकडे कळवायचं तिथे कळवलं, नवं कार्ड दिलं. म्हणाल्या, "काका, लवकर आलात. पुढचं वाचलं. गेलेलं परत येईल की नाही, सांगता येत नाही. खातं सोमवारी सुरू होईल. आणि लक्षात ठेवा, आम्ही फोनवर कधीच नंबर मागत नाही. मीसुद्धा मागितला तरी द्यायचा नाही."

मामंजी त्या बाईंकडेही संशयाने बघत होते. बाहेर पायरीवर आल्यावर मी विचारलं, "काय झालंय तुम्हाला? ती बाई तुमचं भलं करतेय आणि तुम्ही असे का बघता?"

बराच वेळ ते चपलेत पाय घालत राहिले.

"तो म्हणाला, पैसे काढतंय ते आपल्याच माणसांपैकी आहे. बँकेतलं कुणीतरी सामील आहे, म्हणून बँकेत जाऊ नका. आणि मग विचारलं, तुमचा फोन घरात आणखी कोण हाताळतं. मी म्हटलं, सून."

"मग?"

"मग तो म्हणाला, तिला कळू देऊ नका."

मला काय वाटलं ते सांगते. आधी राग नाही आला. नऊ वर्षं मी या माणसाला जेवण वाढलं, ताप आला तर पाय चेपले, आणि एका गोड आवाजाने दोन मिनिटांत मला चोर ठरवलं. राग घरी पोचल्यावर आला. त्या संध्याकाळी मी वाढलं आणि पाठ फिरवून बसले. त्यांनीही मागून घेतलं नाही.

शुक्रवारी सकाळी मामंजींनी स्वतःच ओट्यावर सगळं सांगितलं. मी म्हटलं होतं, सोमवारी पैसे वाटताना सांगा. ऐकतील तर ना. अकरा जणांना गोळा केलं, मान खाली न घालता सांगितलं. एवढे गेले, माझ्या चुकीने गेले, उरलेले सोमवारी मिळतील, आणि गेलेले मी भरून देईन.

त्या दिवशी पोतं चढवताना हमालांनी त्यांच्याशी नेहमीची थट्टा केली नाही. मुकादम काट्यापाशी उभा राहून प्रत्येक आकडा ओठातल्या ओठात परत म्हणत होता. मामंजींना ते ऐकू येत होतं. दोनदा त्यांची हाक अडखळली.

दुपारी फोन वाजला. नवा नंबर. मी दाभण टाकून उठले, पण मुकादमाने आधीच हात पुढे केला होता. "आणा मामा, मी बोलतो. बघू तर कोण आहे."

त्याने फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. पलीकडे बाईचा आवाज, शांत, शिकलेला. तक्रार विभागातून बोलतेय. आपली तक्रार आमच्याकडे आली आहे. चोर सापडला. गेलेली रक्कम आजच परत जमा करतोय. फक्त नव्या कार्डाचा नंबर आणि आता येईल तो आकडा सांगा.

तक्रार केल्याचं तिला कसं कळलं, असं मी ओरडले. कुणी लक्ष दिलं नाही. ज्याचे पैसे जातात तो तक्रार करतोच, हे कुठल्याही चोराला न सांगता कळतं. पण तेव्हा कुणाला विचार करायचा होता! मुकादमाच्या तोंडावर एकदम उजेड आला होता. चार आठवडे त्याच्या घरीही ओढाताण होती, मी त्याला दोष देत नाही.

"ताई, बँकेत जाऊन विचारू का?" एवढं मात्र त्याने विचारलं.

"नको दादा," ती म्हणाली. "तिथलंच कुणीतरी सामील आहे. म्हणून तर आम्ही थेट फोन करतोय. आणि रक्कम ज्यांच्या खात्यातून गेली, त्यांच्यावरही जरा लक्ष ठेवा."

मी मामंजींकडे पाहिलं. काट्याच्या दांडीवर ठेवलेला त्यांचा हात घट्ट झाला होता. त्यांनी ते वाक्य ओळखलं होतं.

"मामा, द्या कार्डाचा आकडा," मुकादम म्हणाला.

"नाही."

"अहो, पैसे परत येताहेत!"

"येत नाहीत. उरलेले न्यायला आलेत. कालच्याने मला हेच सांगितलं, अगदी शब्द न शब्द. बँकेत जाऊ नका, आपलंच माणूस चोर आहे. ठेव तो फोन."

"काल तुम्हीच सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडलात," मुकादम म्हणाला. त्याचा आवाज चढला. "परक्याला आकडा दिला. आज आमचे पैसे आहेत, आम्ही मागतोय, तर तोंड शिवलंय? तेहेतीस वर्षांत तुम्ही कधी आकडा लपवलात? आज का लपवताय?"

"बाई म्हणाली तसं मामांवर लक्षच ठेवायला पाहिजे," मागून एक हमाल बोलला. कोण ते मला माहीत आहे, पण सांगत नाही. त्याच्या मुलीचं बारसं माझ्या हाताने झालंय.

समोरच्या ओट्यांवरची माणसंही उभी राहून बघत होती. मामंजी काट्याच्या फळीवर उभे होते, नेहमी हाक देताना राहायचे तसे. त्यांनी श्वास घेतला, आणि मला खरं सांगायचं तर धडकी भरली. हा माणूस आता ओरडणार. अब्रूसाठी ओरडणार, आकडा आणि सगळं. मी दोन्ही हात वर केले होते, काय करणार होते कुणास ठाऊक.

"माझा आकडा कुणाला मिळणार नाही," ते म्हणाले. हळू. अगदी हळू. पुढच्या दोघातिघांनाच ऐकू गेलं असेल.

मुकादमाने फोन त्यांच्या पायाशी ठेवला. पलीकडची बाई अजून दादा, दादा करत होती. मी उचलून बंद केला.

शनिवार-रविवार कसा गेला विचारू नका. मी मुकादमाच्या घरी जाऊन आले. बँकेत चल, बाईंना विचार, म्हटलं. तो म्हणाला, वहिनी, बँकेतलीच सामील असली तर ती काय सांगणार? मी तोंडात मारल्यासारखी परत आले. संशयाची सवय मला जन्माची, पण संशय असा दगडासारखा बसला की त्याला कुठून हात घालायचा हे मलाही कळेना. दुसऱ्या हमालाची बायको नळावर मला बघून बादली घेऊन पुढच्या नळाला गेली.

सोमवारी खातं उघडलं. मामंजींनी बँकेतून रोख काढली आणि आपल्या पेटीतले त्यात घातले. नवऱ्याने ट्रकवरून पाठवलेले, छपराचे पत्रे बदलायला ठेवलेले. मी हूं की चूं केलं नाही. मापातली तूट मापाड्याने भरायची, असं ते आधीपासून मानत होते आणि त्यात मला बोलायला जागा नव्हती. ओट्यावर अकरा जणांना अकरा पाकिटं दिली. प्रत्येकाने समोर मोजली. पूर्वी कुणी मोजत नव्हतं.

मुकादमाने मोजून पाकीट कमरेला लावलं आणि म्हणाला, "गेलेलेसुद्धा आले की पूर्ण."

"मी घातले पदरचे."

"हो ना," मुकादम म्हणाला. "बोंब झाल्यावर घातलेत."

बस. एवढंच. भांडण नाही, शिवी नाही. पलीकडच्या ओट्यावरचा एक तरणा मापाडी येऊन काट्याजवळ उभा राहिला. त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, ते उघड होतं. मामंजींनी फळीवरून आपला पंचा उचलला, झटकला, आणि उतरले. उतरताना त्यांना आधार लागला. तो मी दिला, आणि त्यांनी घेतला.

दुपारनंतर मी पोतं शिवू शकले नाही. टाका सुटत होता, बोटात दाभण गेलं. आम्ही लवकर घरी आलो. मामंजी पडवीत पाय लांब करून बसले. मी चहा केला. गुरुवारनंतर पहिल्यांदा मी त्यांच्याजवळ बसले.

"त्या मेल्यांना बघून घेऊ," मी म्हटलं. "पोलिसांनी चोर पकडला की मुकादम नाक घासत येईल."

"येईल न येईल."

चहा संपला. ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं. माझ्या मनात एक गोष्ट दोन दिवस घोळत होती, ती बोलून गेले. "एक विचारू? नव्या कार्डाने पैसे काढायचा आकडा मला तरी सांगून ठेवा. उद्या तुमचं काही दुखलंखुपलं, दवाखान्यात न्यावं लागलं, तर मी काय करू?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, परत ती गुरुवारची नजर येणार. आली नाही. त्यांचे डोळे भरले होते.

"गुरुवारी तुझ्यावर संशय घेतला, तुझ्यापासून लपवलं आणि परक्याच्या कानात ओरडलो," ते म्हणाले. "आता तुझ्यावर काडीचा संशय नाही. पण आकडा तुलाही नाही सांगणार, पोरी. पाहिजे तर बँकेत चल, तिथे तुझं नाव रीतसर लावून देतो. तुझा आकडा तू ठेव, माझा मी ठेवतो."

मला राग यायला हवा होता. नऊ वर्षांची सून, आणि मलाही नाही. पण मी नुसती बसून राहिले. हा माणूस आता कुणाच्याही गोड बोलण्याला फसणार नव्हता, मला ते दिसत होतं. आणि ज्या काट्यासाठी तो एवढं शिकला, तो काटा सकाळीच गेला होता. मी पदर तोंडाला लावला आणि रडले.

ते उठले, दोन्ही कप उचलून आत घेऊन गेले आणि विसळायला लागले.